पुढच्यास ठेच, मागचा शहाणा

(गटाने प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी 'शनिवारच्या वही'चा पाठ)



या सत्रापासून आपल्या शाळेत आठवी ते अकरावीच्या विद्यार्थ्यांचे गट संगणक कक्षात आणि विज्ञान प्रयोगशाळेत लहान-लहान प्रकल्प करीत आहेत. प्रत्येक गटाकडे एक साधी दोनशे पानी वही आहे. शनिवारच्या शेवटच्या तासाला गट एकत्र बसतो आणि त्या आठवड्यात काय केले, कुठे अडले, काय समजले हे त्या वहीत लिहितो. मुलांनीच तिचे नाव 'शनिवारची वही' असे ठेवले आहे.

गेल्या पालक सभेत या वहीबद्दल तीन प्रश्न विचारले गेले. चूक कोणाची झाली हे वहीत का लिहीत नाहीत? या वहीला गुण का नाहीत? आणि बोर्डाच्या वर्षी हा तास अभ्यासाला का देऊ नये? विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीतही, ही वही वार्षिक गुणांत धरावी की नाही, हा विषय ठेवलेला आहे. प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे लेखाच्या शेवटी दिली आहेत. पण त्याआधी ही वही कशासाठी आहे ते चार धड्यांत समजून घेऊ या. विद्यार्थ्यांनी हा लेख पाठ्यपुस्तकातील पाठासारखा वाचावा. शेवटी स्वाध्यायही दिला आहे.

म्हण नीट वाचू या

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडते. आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे दोन्ही भाषांतील बोलण्याची तुलना मनात सहज होते. हिंदीत आपण म्हणतो की माणूस ठोकर खाऊन शिकतो. तिथे ठोकर ज्याची त्याची आणि अक्कलही ज्याची त्याची. मराठी म्हणीत मात्र ठेच एकाला लागते आणि शहाणपण दुसऱ्याला येते.

या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पूर्वी वाट पायी चालायची असे. पुढचा माणूस डोळ्यांसमोर असे, त्याला ठेच लागली की मागच्याला ती दिसत असे. आजच्या कामांत पुढचा माणूस दिसत नाही. तो दुसऱ्या खोलीत असतो, दुसऱ्या शहरात असतो किंवा दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेला असतो. संगणकाच्या प्रोग्राममध्ये लागलेली ठेच तर शेजारी बसलेल्यालाही दिसत नाही. म्हणून पुढच्याने ती सांगितली आणि लिहून ठेवली, तरच मागचा शहाणा होतो. या लेखात आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच.

धडा पहिला : नंतर येणाऱ्यासाठी लिहा

इंदूरकरांना 'कॅट' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. शहराच्या कडेला सुखनिवास भागात सुमारे ७६० हेक्टर जागेवर ही संस्था उभी आहे. १९ फेब्रुवारी १९८४ रोजी तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते तिची कोनशिला बसली आणि जून १९८६ मध्ये मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून शास्त्रज्ञांची पहिली तुकडी येथे आली. आपल्या मध्य प्रदेशातीलच सागर येथे जन्मलेले डॉ. दिलीप देवीदास भवाळकर हे तिचे संस्थापक संचालक. डिसेंबर २००५ मध्ये संस्थेला डॉ. राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले, पण रिक्षावाले आजही 'कॅट रोड'च म्हणतात. भारतातील पहिले सिंक्रोट्रॉन 'इंडस-१' १९९९ पासून येथे चालू झाले आणि त्यानंतर सुमारे १७२ मीटर परिघाचे 'इंडस-२' उभे राहिले. विज्ञान दिनाच्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी ही संस्था खुली असते, तेव्हा आपल्यापैकी काहींनी ही यंत्रे पाहिलीही असतील.

याच संस्थेचा एका फार मोठ्या जागतिक कामाशी संबंध आला. युरोपातील 'सर्न' या संस्थेने स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर जमिनीखाली २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात 'लार्ज हेड्रॉन कोलायडर' हे यंत्र उभारले. त्यात १२३२ मुख्य द्विध्रुवी चुंबक आहेत. एकेक चुंबक सुमारे १५ मीटर लांब आणि सुमारे ३५ टन वजनाचा. एवढे जड चुंबक केसाच्या जाडीहूनही कमी फरकाने नेमक्या जागी बसवायचे, तर त्यांच्याखाली तशाच बारकाईने वर-खाली आणि आजूबाजूला सरकवता येतील असे जॅक हवे होते. असे जवळजवळ सात हजार जॅक भारताने पुरवले. ते कॅटच्या देखरेखीखाली तयार झाले, आणि त्यांतील काही आपल्या इंदूरच्याच इंडो-जर्मन टूल रूममध्ये बनले. सात समुद्रापलीकडच्या त्या बोगद्यात इंदूरच्या कारागिरांच्या हातचे काम आहे, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे.

आपल्या पाठासाठी मात्र याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. बोगद्यात बसवण्याआधी प्रत्येक अतिसंवाहक चुंबक उणे २७१ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून तपासायचा होता. त्यासाठी सर्नमध्ये बारा चाचणी-मंच होते आणि काम दिवसरात्र पाळ्यांनी चालत असे. या कामावर भारताच्या अणुऊर्जा विभागातील अभियंते व तंत्रज्ञ आळीपाळीने, साधारण एकेक वर्षासाठी जात आणि परत येत. येणारा प्रत्येक गट त्या कामाला नवा असे. जुना गट निघून गेला की त्याचा अनुभवही विमानात बसून भारतात परत येणार, ही मोठी अडचण होती.

त्यावर तेथील गटांनी शोधलेले उपाय साधेच होते. कोणता चुंबक कोणत्या मंचावर आहे, त्याची कोणती पायरी झाली, पुढचे काम कोणत्या गटाचे, हे सगळ्यांना एकाच ठिकाणी दिसेल अशी नोंद संगणकावर ठेवली. कोणते काम आधी आणि कोणते नंतर, याचा क्रम लिहून ठरवला. चुंबक पुढे पाठवावा की बाजूला ठेवावा, याचा पहिला निर्णय मध्यरात्रीच्या पाळीतही घेता यावा म्हणून त्याचे नियम लिहून काढले. त्यामुळे तज्ज्ञ माणूस घरी झोपलेला असला तरी काम थांबत नसे. फेब्रुवारी २००७ मध्ये या चाचण्या पूर्ण झाल्या.

आपली शाळाही अशीच आहे. अकरावीचा जो गट आज उत्तम काम करतो, तो पुढच्या वर्षी बारावीच्या अभ्यासात आणि त्यानंतर महाविद्यालयात जाईल. त्याच्या जागी नववीतील मुले येतील. त्या मुलांना आपण कुठे अडखळलो होतो हे कोण सांगणार? म्हणून वही लिहिताना समोर शिक्षक आणायचे नाहीत. पुढच्या वर्षी हेच काम हातात घेणारा, आज आपल्याला माहीतही नसलेला मुलगा किंवा मुलगी समोर आणायची.

धडा दुसरा : आपला शब्द दुसऱ्याला काय कळला ते विचारा

११ डिसेंबर १९९८ रोजी अमेरिकेच्या 'नासा'ने 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळाकडे सोडले. २३ सप्टेंबर १९९९ रोजी, मंगळाच्या कक्षेत शिरण्याच्या वेळी ते नष्ट झाले. चौकशीत कारण निघाले ते सातवीच्या मुलालाही समजेल असे. यानाच्या लहान इंजिनांनी दिलेल्या धक्क्याचे माप एक प्रोग्राम पौंडांच्या पद्धतीत देत होता, आणि ते आकडे वापरणारा गट ते मेट्रिक पद्धतीत, म्हणजे न्यूटनमध्ये आहेत असे समजत होता. या दोन मापांत जवळजवळ साडेचार पटींचा फरक आहे. यान ठरल्यापेक्षा मंगळाच्या बरेच जवळून गेले आणि वातावरणात शिरून हाताचे गेले. दोन्हीकडचे लोक हुशार होते आणि दोन्हीकडचे गणित आपापल्या जागी बरोबर होते. दोघांच्या मध्ये जी जागा होती, तिथे चूक राहिली.

आपल्या शाळेच्या बागेतही या सत्रात याच जातीची गोष्ट घडली. नववीच्या मुलांनी मोगऱ्याच्या कुंड्यांना आपोआप पाणी देणारे यंत्र करायचे ठरवले. इंदूरला नर्मदेचे पाणी जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून उपसून आणावे लागते. ते वाया जाऊ नये हा त्यामागचा हेतू. एका गटाने मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर बसवला, दुसऱ्या गटाने पंप चालू-बंद करणारा प्रोग्राम लिहिला. हा सेन्सर माती कोरडी असली की मोठा आकडा देतो आणि ओली असली की लहान. पहिल्या गटाला हे माहीत होते. दुसऱ्या गटाने मात्र सरळ विचार केला की आकडा ओलाव्याचा आहे, म्हणजे मोठा आकडा तर जास्त ओलावा. सोमवारी सकाळी पाहिले तर ओल्या कुंड्यांतून पाणी वाहत होते आणि उन्हातल्या कोरड्या कुंड्या तशाच होत्या.

दोन्ही गटांनी आधी एकमेकांकडे बोट दाखवले. शनिवारी वही उघडल्यावर त्यांना दिसले की दोघांच्याही वहीत 'सेन्सरचा आकडा' एवढाच शब्द लिहिलेला आहे. त्या आकड्याचा अर्थ कोणीच लिहिलेला नव्हता. आता मुलांनी नियम केला आहे: दुसऱ्या गटाला काही द्यायचे असेल तर त्याचे नाव, त्याचे माप, आणि तो आकडा वाढला तर काय समजायचे, या तीन गोष्टी लिहून द्यायच्या आणि घेणाऱ्याने त्या आपल्या शब्दांत मोठ्याने परत सांगायच्या. हा नियम त्यांना आम्ही दिला असता तर चार दिवसांत विसरले असते. स्वतः काढलेला नियम मुले विसरत नाहीत.

धडा तिसरा : शंका लहान असली तरी लिहा

मंगळयानाच्या त्याच चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. प्रवासाच्या काळात काही जणांना आकडे जुळत नसल्याची शंका आली होती. ती आपापसांत बोलली गेली, पण शंका नोंदवण्याची जी ठरलेली पद्धत होती, तिच्यातून ती पुढे गेली नाही. बोललेली शंका ऐकणाऱ्याबरोबर विरून जाते. लिहिलेल्या शंकेला कोणीतरी कधीतरी उत्तर द्यावे लागते.

पुन्हा आपल्या मोगऱ्याच्या कुंड्यांकडे येऊ. एका मुलीने वहीत लिहिले होते: "सेन्सरचा एक दात काळपट झाला आहे. महत्त्वाचे आहे का माहीत नाही." ओळ लहान होती, तिच्या गटातील मुलांना ती अनावश्यकही वाटली. तीन आठवड्यांनी दुसऱ्या गटाचे आकडे बिघडू लागले. कुंडीत भरपूर पाणी असताना सेन्सर माती कोरडी असल्याचे सांगू लागला. त्या गटाने दोन दिवस प्रोग्राम तपासला, त्यात काही सापडले नाही. मग जुनी वही चाळताना ती ओळ दिसली आणि त्यांनी सेन्सर मातीतून उपसून पाहिला. त्याचा एक दात झिजून गेला होता.

याचे कारण दहावीच्या रसायनशास्त्रात आहे. ओल्या मातीत धातूचे दोन दात रोवून त्यांतून सतत एकाच दिशेने वीज सोडली की विद्युत अपघटन होते आणि एका दाताचा धातू हळूहळू निघून जातो. उपाय सोपा आहे. सेन्सरला दिवसभर वीज द्यायची नाही. मोजमाप घेण्यापुरती क्षणभर द्यायची. हा प्रयोग अभ्यासक्रमात नाही, पण विद्युत अपघटन त्या मुलांना आता कोणी शिकवावे लागणार नाही. आणि हे सगळे ज्या ओळीमुळे कळले, ती लिहिणाऱ्या मुलीला स्वतःलाच तिच्या महत्त्वाची खात्री नव्हती. खात्री होईपर्यंत थांबली असती तर ती ओळ लिहिलीच गेली नसती.

धडा चौथा : चूक सांगणाऱ्याचे काय होते, याकडे सगळ्यांचे लक्ष असते

अमेरिकेत चंद्रावर माणूस नेणारे 'सॅटर्न-५' हे रॉकेट ज्या केंद्रात तयार झाले, त्याचे प्रमुख वेर्नर फॉन ब्राउन होते. महायुद्धाच्या काळात जर्मनीत त्यांच्या क्षेपणास्त्रांच्या कारखान्यांत कैद्यांकडून अमानुष श्रम करून घेतले गेले, हा डाग त्यांच्या नावावर आहे आणि तो विसरता येत नाही. मात्र केंद्र चालवताना त्यांनी पाडलेली एक प्रथा शिकण्यासारखी आहे. प्रत्येक विभागप्रमुखाने दर आठवड्याला एका पानात आपल्या कामाची आणि अडचणींची टिपणे पाठवायची. फॉन ब्राउन ती वाचून समासात स्वतःच्या हाताने शेरे लिहीत आणि सगळ्यांची टिपणे शेऱ्यांसह सगळ्यांना वाटत. या विभागाची अडचण त्या विभागाला कळे, आणि वरचा माणूस खरोखर वाचतो हेही कळे. त्यांच्याबद्दल असेही सांगतात की एक क्षेपणास्त्र वाया गेल्यावर एका अभियंत्याने, आपल्या हातून जोडणी करताना काही झाले असावे, असे स्वतः येऊन सांगितले, तेव्हा फॉन ब्राउन यांनी त्याला शिक्षा केली नाही. उलट भेट पाठवली. त्याच्या सांगण्यामुळे कारण शोधण्याचे पुढचे काम वाचले होते.

सर्नच्या यंत्राचीही अशीच परीक्षा झाली. १० सप्टेंबर २००८ रोजी त्यात पहिल्यांदा कणांचा झोत फिरला. जगभर आनंद झाला, आपल्या इंदुरातही झाला. नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला, दोन चुंबकांमधला एक विद्युत जोड निकामी झाला. ठिणगी पडून हेलियमच्या वेष्टनाला भोक पडले आणि कित्येक टन हेलियम बोगद्यात पसरले. ५३ चुंबक काढून वर आणावे लागले. सर्नने महिन्याभरातच कारणांचा प्राथमिक अहवाल जाहीर केला. बिघडलेला भाग दुरुस्त करून ते थांबले नाहीत. असे इतर जोड कसे तपासायचे आणि बिघाडाची चाहूल आधी कशी लागेल, यावर काम केले. नोव्हेंबर २००९ मध्ये यंत्र पुन्हा सुरू झाले. याच यंत्रावरील प्रयोगांतून जुलै २०१२ मध्ये हिग्ज बोसॉनसारख्या कणाचा शोध लागल्याची घोषणा झाली. त्या एका वर्षात लपवाछपवी झाली असती तर दुसरा एखादा जोड पुन्हा तुटला असता.

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातील आपल्या पालकांना हे नवीन वाटणार नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात सतरा सॉफ्टवेअर तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी 'अ‍ॅजाइल' नावाने ओळखला जाणारा जाहीरनामा लिहिला. गटाने ठरावीक काळाने थांबून आपले काम कसे चालले आहे हे पाहावे आणि त्यानुसार बदल करावा, हे त्याच्या बारा तत्त्वांपैकी शेवटचे तत्त्व. सुपर कॉरिडॉरवरच्या किंवा पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत काम करणारे आपले माजी विद्यार्थी अशा बैठकीला 'रेट्रो' म्हणतात. आपली शनिवारची वही हा त्याचाच शालेय अवतार समजावा.

वही कशी लिहावी?

प्रत्येक शनिवारी चार प्रश्नांची उत्तरे लिहायची. पान भरलेच पाहिजे असे नाही.

१. या आठवड्यात काय करायचे ठरले होते आणि प्रत्यक्षात काय झाले?

२. कुठे अडले? त्या वेळी आपल्याला काय वाटत होते आणि नंतर काय निघाले?

३. अजून न सुटलेली शंका कोणती?

४. पुढच्या आठवड्यात नेमका एक बदल कोणता करायचा आणि तो कोण करणार?

दुसऱ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे. बहुतेक मुले 'काय निघाले' एवढेच लिहितात आणि आधी काय वाटत होते ते गाळतात, कारण ते लिहायला संकोच वाटतो. नंतर येणाऱ्याला मात्र तेच हवे असते, कारण त्यालाही आधी तसेच वाटणार आहे.

एक उदाहरण पाहा. "पंप चालला नाही. वायर चुकली होती. दुरुस्त केली." ही नोंद खरी आहे, पण तिचा कोणालाही उपयोग नाही. हीच नोंद अशी लिहिता येईल: "पंप चालला नाही. आम्हाला वाटले पंप जळला, म्हणून नवीन मागवणार होतो. मग पंप थेट बारा व्होल्टच्या अडॅप्टरला लावून पाहिला तेव्हा तो चालला. रिलेची वायर चुकीच्या टोकाला होती. पंप न चालल्यास आधी तो वेगळा तपासावा, मग रिले पाहावा." पुढच्या वर्षीच्या मुलांचा एक आठवडा आणि शाळेचा एक पंप या नोंदीने वाचेल.

मार्गदर्शक शिक्षक मंगळवारपर्यंत प्रत्येक वहीच्या समासात निदान एक ओळ लिहितील. ज्या वहीला उत्तर येत नाही, ती वही मुले दोन महिन्यांत बंद करतात. वह्या संगणक कक्षातील फळीवर राहतील आणि कोणत्याही गटाला कोणाचीही वही वाचता येईल.

पालकांच्या प्रश्नांची उत्तरे

चूक कोणाची झाली हे वहीत लिहिले तर मुलांना जबाबदारी कळेल, असे काही पालकांचे म्हणणे आहे. त्यांची काळजी आम्हाला समजते. परंतु ज्या शनिवारी पहिले नाव चुकीपुढे लिहिले जाईल, त्याच्या पुढच्या शनिवारी ते पान कोरे राहील. जबाबदारीसाठी चौथा प्रश्न आहे. तिथे नाव लिहायचेच आहे. दुरुस्ती कोण करणार, त्याचे नाव. मात्र एक सीमा स्पष्ट असावी. शिक्षक नसताना घरगुती विजेच्या सॉकेटला हात लावणे, सांगूनही सुरक्षेचा नियम मोडणे, दुसऱ्याचे काम मुद्दाम बिघडवणे, या गोष्टी शिस्तीच्या आहेत. त्यांची दखल वहीबाहेर, पालकांना बोलावून घेतली जाईल.

दुसरा प्रश्न गुणांचा. प्रयोगवह्यांचे काय होते ते आपण सर्व जाणतो. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९.८ आलेच पाहिजे म्हणून मुले उत्तरापासून उलटे गणित करून निरीक्षणे भरतात. त्यांना गुण पूर्ण मिळतात, पण लंबक डोळे भरून पाहिलेला नसतो. शनिवारच्या वहीला गुण ठेवले तर त्यातही नीटनेटक्या, शोभिवंत चुका लिहिल्या जातील. सेन्सरचा काळपट दात कोणी लिहिणार नाही. म्हणून ही वही वार्षिक गुणांत धरू नये, अशी आमची विश्वस्त मंडळास आग्रहाची विनंती आहे. प्रकल्पाला गुण जरूर असावेत, पण ते पूर्ण झालेल्या कामाचे.

तिसरा प्रश्न वेळेचा. आठवड्यातला एक तास हा लहान खर्च नाही, आणि बोर्डाची परीक्षा ही घरातल्या सर्वांची चिंता असते. म्हणून दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी डिसेंबरनंतर हा तास ऐच्छिक राहील. इतर वर्गांचा तास मात्र तसाच ठेवावा असे आम्हाला वाटते. मुले पुढे ज्या नोकऱ्या करतील, त्यांत एकट्याने सोडवायची प्रश्नपत्रिका क्वचितच मिळेल. अर्धवट समजलेले काम, चार माणसांत मिळून, वेळेत करायचे असेल, आणि त्याचा सराव दुसऱ्या कोणत्याही तासाला होत नाही.

विश्वस्त मंडळाकडे आणखी एक लहानशी मागणी आहे. सत्र संपल्यावर या वह्या रद्दीत जाऊ नयेत. ग्रंथालयात त्यांच्यासाठी कुलूप नसलेले एक कपाट द्यावे. वर्षानुवर्षे त्यात वह्या साठत गेल्या तर पुढे येणाऱ्या प्रत्येक गटाला आपल्या आधीच्यांच्या ठेचा हाताशी मिळतील. इतक्या कमी खर्चात शाळेला दुसरे असे काही मिळेल असे वाटत नाही.

स्वाध्याय

१. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण खरी ठरण्यासाठी पुढच्याने काय करावे लागते? आपल्या घरातील एक उदाहरण द्या.

२. सर्नमध्ये गेलेल्या भारतीय गटांपुढे कोणती अडचण होती? त्यावर त्यांनी काय उपाय केले?

३. मार्स क्लायमेट ऑर्बिटर आणि आपल्या बागेतील पंप, या दोन घटनांत सारखेपणा कोणता आणि फरक कोणता?

४. आई, बाबा किंवा आजी-आजोबांना विचारा: त्यांच्या कामात एकाची चूक दुसऱ्याला कळावी म्हणून काय पद्धत होती? ती नव्हती तेव्हा काय झाले? पाच-सहा ओळी लिहा.

५. आपल्या गटाच्या वहीतील जुनी एखादी नोंद निवडा. ती वाचून अनोळखी मुलाला काम करता येईल का ते पाहा. येत नसेल तर ती पुन्हा लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे आम्हाला वाचायला आवडतील. ती आपापल्या वर्गशिक्षकांकडे द्यावीत. निवडक उत्तरे पुढील अंकात, पालकांची परवानगी घेऊन, छापण्यात येतील.

आपले,
प्राचार्य